तीन आवाजांचा रियाज

जर्मनीतल्या झारब्र्युकन शहरात दरवर्षी ईस्टरच्या सुटीत 'रिव्हिजन' नावाचा मेळावा भरतो. संगणकावर स्वतः घडवलेली चित्रं आणि संगीत घेऊन ठिकठिकाणचे हौशी लोक तिथं येतात, मोठ्या पडद्यावर एकमेकांचं काम बघतात आणि मतं देऊन क्रमांक ठरवतात. २०१७ च्या मेळाव्यात जुन्या यंत्रांसाठी एक स्पर्धा होती आणि तिथं प्रोग्राम चार किलोबाइटांत, म्हणजे ४,०९६ बाइटांत बसवायचा होता. पहिला क्रमांक आला स्वीडनच्या लिनुस ओकेसॉन यांच्या 'अ माइंड इज बॉर्न' या रचनेचा, आणि तिचा आकार होता अवघा २५६ बाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. या परिच्छेदातलं एखादं लांब वाक्य साठवायला जेवढी जागा लागेल, तेवढीही या रचनेला लागलेली नाही. तेवढ्यात ठेका आहे, खर्ज आहे, वर फिरणारी धून आहे, शिवाय सोबत हलणारी चित्रं आहेत, आणि हे सगळं दोन मिनिटांहून अधिक काळ चालतं. इतक्या कमी जागेत धून लिहून ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून ती वाजता वाजता तयार होते. काही बिटांची एक रांग दर पावलाला एक घर सरकते, टोकाला काय बाहेर पडलं त्यावरून आतले काही बिट उलटतात, आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यांवर सूर बसवलेले असतात. हे वाजतं ते कमोडोर ६४ या, १९८२ साली बाजारात आलेल्या घरगुती संगणकावर.

असं काही ऐकलं की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक, लहानपणीच्या खेळण्यात जीव अडकलेल्या मंडळींचा हा विरंगुळा आहे. दुसरी, साधनं कमी असली की माणूस कल्पक होतो, त्याचंच हे उदाहरण. पहिलीत थोडं तथ्य आहे. दुसरीत त्याहून थोडं जास्त आहे, पण तिनं फारसं काही उलगडत नाही, कारण अपुऱ्या साधनांची यंत्रं जगात शेकड्यांनी होऊन गेली आणि त्यांपैकी बहुतेकांवर आज कोणी काही वाजवत नाही. मला या हौशी संगीतकारांच्या कामात वेगळीच गोष्ट घडलेली दिसते. एका संगणकाचं वाद्य झालं आहे. ते होऊ शकलं, कारण तो संगणक बदलायचा थांबला. हाताला वळण लागायला, एकाचं वळण दुसऱ्यानं उचलायला आणि तिसऱ्यानं त्यात भर घालायला जो काळ लागतो, तेवढा काळ एखादं साधन जागच्या जागी राहिलं पाहिजे. संगणकाच्या बाबतीत ही गोष्ट जवळजवळ कधीच घडत नाही. कमोडोर ६४ च्या बाबतीत ती घडली, तीही कंपनीची तशी इच्छा नसताना.

आधी यंत्राची ओळख. कमोडोरच्या मालकीच्या एमओएस टेक्नॉलॉजी या पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीत बॉब यानेस हा तरुण अभियंता १९८१ मध्ये एका ध्वनी-चिपवर काम करत होता. त्या वेळच्या घरगुती संगणकांमधल्या ध्वनी-चिपा संगीताचा गंध नसलेल्या लोकांनी बनवल्या आहेत, असं त्याचं स्पष्ट मत होतं. त्याला सिंथेसायझरची चिप हवी होती. हातात महिने मोजकेच होते. एकच आवाज-मंडल वेळ वाटून घेत बत्तीस आवाजांसाठी राबवायचं त्याच्या मनात होतं. ते जमवायला अवधी नव्हता म्हणून त्यानं तेच मंडल तीनदा उमटवलं. एसआयडी ६५८१ या चिपमध्ये तीनच आवाज का, याचं उत्तर एवढंच आहे. मात्र हे तीन आवाज साधे नव्हते. प्रत्येकाला त्रिकोणी, करवती, चौकोनी आणि खरखरीचा असे चार तरंगाकार, प्रत्येकाला सूर कसा उठावा, टिकावा आणि विरावा हे ठरवणारी स्वतंत्र व्यवस्था, आवाजांनी एकमेकांत मिसळून धातूसारखा नाद काढायची सोय, आणि तिघांत मिळून एक फिल्टर. चिपशी बोलायची जागा म्हणजे संगणकाच्या स्मृतीतले ५४२७२ पासून ५४३०० पर्यंतचे २९ पत्ते. त्यांत आकडे टाकायचे, की आवाज निघतो. कमोडोर ६४ किती विकला गेला याचे अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी सत्तर लाखांपर्यंत जातात. यानेस पुढे एन्सॉनिक ही सिंथेसायझर बनवणारी कंपनी काढणाऱ्यांपैकी एक झाला. त्याच्या घाईतल्या चिपवर लोक अजून काम करत आहेत.

काम करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे जवळून बघण्यासारखं आहे. समोर पियानोच्या पट्ट्या नसतात. पडद्यावर वरून खाली सरकणारे तीन उभे स्तंभ असतात, एकेका आवाजाचा एकेक, आणि त्यांत ओळीनं सुरांची नावं आणि सोळाच्या पायावर मांडलेले आकडे. या लेखन-साधनाला ट्रॅकर म्हणतात. युरोपीय पद्धतीच्या यंत्रात पडद्यावरचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा नव्यानं उमटतं, आणि सहसा त्याच लयीवर संगीताचा प्रोग्राम हाकारला जातो. दोन चित्रांमध्ये प्रोसेसरला १९,६५६ टिकटिका मिळतात. त्यातल्या थोड्याशाच संगीताला द्यायच्या, बाकी चित्रांना. तर एका सेकंदात पन्नासदा तुम्हाला चिपमधला कुठलाही आकडा बदलता येतो. कसलेला रचनाकार एका आवाजात एका पन्नासांश सेकंदापुरती खरखर टाकतो, लगेच तोच आवाज चौकोनी तरंगावर आणून झपकन खाली घसरवतो, आणि ऐकणाऱ्याला ढोलाचा ठोका ऐकू येतो. ठोका विरायच्या आत त्याच आवाजात खर्जाची ओळ सुरू झालेली असते. ढोल आणि खर्ज दोन्ही एका आवाजात उरकले. दुसऱ्या आवाजात तीन सूर पन्नासांश सेकंदाच्या फरकानं गरागरा फिरवले की कान त्यांना एकत्र धरतो आणि थरथरता स्वरमेळ ऐकू येतो. चिप-संगीताची लगेच ओळखू येणारी ती झिणझिण इथून आली. तिसरा आवाज मुख्य धुनेला मोकळा राहिला. चौकोनी तरंगाची रुंदी पावलागणिक किंचित बदलत ठेवली, की सपाट वाटणाऱ्या सुराला अंग येतं. ही सगळी कामं कानानं करायची आहेत आणि लिहायची आहेत आकड्यांत.

चिपमध्ये एक खोट आहे, आणि माझ्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा त्या खोटीत मिळतो. सूर उठवण्या-विरवण्याचा वेग एक आतला मोजणीदार ठरवतो. ठरलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळला तरच तो शून्यावर येतो. मोजणी पुढे गेलेली असताना तुम्ही आधीपेक्षा लहान आकडा दिलात, तर तो आकडा मागेच राहून गेलेला असतो. मग मोजणीदाराला ३२,७६८ पर्यंतचा पूर्ण फेरा मारून यावं लागतं. युरोपीय यंत्रावर त्याला साधारण ३३ हजारांश सेकंद लागतात. परिणाम असा, की काही सूर वेळेवर उठतात आणि काही किंचित उशिरा, आणि कुठला उशिरा उठेल हे आधीच्या सुरावर अवलंबून असतं. द्रुत लयीत हे ताबडतोब कानाला टोचतं. १९८०च्या दशकातल्या रचनाकारांना आतलं कारण कळायच्या आधी उपाय सापडला: नवा सूर लावायच्या दोनएक पावलं आधी जुना सूर सोडून द्यायचा, विरण्याचे आकडे शून्यावर आणायचे, मग नव्यानं सुरुवात करायची. याला 'हार्ड रीस्टार्ट' म्हणतात. किती पावलं आधी सोडायचा, शून्यावर न्यायचं की दुसऱ्या एखाद्या आकड्यावर, पहिल्या पावलाला कुठला तरंग लावायचा, यात ज्याची त्याची रीत वेगळी पडली, आणि त्या रीतीनुसार सुराचा उठाव वेगळा ऐकू येतो. आजच्या ट्रॅकरमध्ये ही तजवीज तयारच असते, तरी जाणते लोक तिचे आकडे स्वतः जुळवतात. कंपनीनं जाहीर केलेल्या माहितीपत्रकात न सापडणारं हे ज्ञान एकानं दुसऱ्याचा प्रोग्राम उलगडून वाचत पुढे आणलेलं आहे.

दुसरी खोट याहून रंजक आहे. चिपमध्ये एकंदर आवाज लहान-मोठा करायचा एक चार बिटांचा पत्ता आहे. ६५८१ मध्ये त्यावरचा आकडा बदलला की 'टक्' असा आवाज येतो. तो यायला नको होता. पण हाच टक् सेकंदाला हजारो वेळा, हव्या त्या उंचीचा काढला, तर त्यातून ध्वनिमुद्रित आवाज ऐकवता येतो. चौथा आवाजच मिळाला म्हणायचा. ओशन कंपनीसाठी लिहिणाऱ्या मार्टिन गॉलवेनं १९८७ मध्ये 'अर्कनॉइड' या खेळाच्या संगीतात ते केलं, खेळांसाठीच लिहिणाऱ्या रॉब हबर्डनं त्याच वर्षी 'स्केट ऑर डाय' या खेळामध्ये गिटारीचे तुकडे वाजवले. पुढे कंपनीनं सुधारित ८५८० चिप आणली आणि ही खोट दूर झाली. सगळे मुद्रित आवाज एकदम पुटपुटल्यासारखे क्षीण ऐकू येऊ लागले. तेव्हा लोकांनी चिपच्या एका पायाला रोधक डाकवून काढून टाकलेली खोट परत आणली. अभियंत्याच्या दृष्टीनं जो दोष होता, तो वाजवणाऱ्याच्या दृष्टीनं वाद्याचा गुण झालेला होता आणि त्यावर रचना उभ्या होत्या. कमोडोर कंपनी एप्रिल १९९४ मध्ये बुडाली. त्यानंतरच्या वर्षांत, कोणाचाही कसलाही व्यापारी हेतू उरलेला नसताना, याच पत्त्यातून चार बिटांपेक्षा कितीतरी स्वच्छ ध्वनी काढायच्या युक्त्या हौशी लोकांनी शोधून काढल्या. यंत्र तेच आणि चिप तीच, पण आज तिच्यातून जे निघतं ते १९८७ मध्ये निघत नव्हतं.

याच्या शेजारी आजचा संगीतकार ज्या संगणकावर काम करतो तो ठेवून पाहावा. त्याच्याकडे शेकडो आवाज आहेत, पण ते साधन दर दोन-चार वर्षांनी त्याच्या हाताखालून सरकतं. ॲपलनं २०१९ मध्ये मॅकच्या नव्या प्रणालीतून ३२ बिटांच्या प्रोग्रामांचा आधार काढून घेतला, त्याबरोबर कितीतरी जुनी वाद्यं आणि अर्धवट रचना उघडेनाशा झाल्या. नवं आलं ते बहुधा चांगलं असेल. पण ज्याला जुन्याचा सराव झाला होता त्याचा सराव वाया गेला, आणि तो कोणाला शिकवण्यातही अर्थ उरला नाही. १९८५ मध्ये लिहिलेली एसआयडी रचना मात्र आज जशीच्या तशी वाजते. नुसती वाजत नाही, उघडून वाचताही येते: कुठल्या पावलाला कुठला आकडा टाकला, हे शिकणाऱ्याला दिसतं. १९८६ मध्ये क्रिस ह्युल्सबेकनं 'साउंडमॉनिटर' हे संगीत लिहायचं साधन जर्मनीतल्या एका कमोडोर-मासिकात छापलं. वाचकांनी पानंच्या पानं आकडे हातानं टाइप करून ते आपल्या यंत्रात उतरवून घेतलं. तिथून आजच्या 'गोटट्रॅकर'सारख्या मोफत साधनांपर्यंत लेखनाची पद्धत ओळखीची राहिलेली आहे. 'हाय व्होल्टेज एसआयडी कलेक्शन' या संग्रहात आज पन्नास हजारांहून अधिक रचना आहेत, सगळ्या स्वयंसेवकांनी जमवलेल्या आणि कर्त्याच्या नावानिशी लावून ठेवलेल्या. नव्या माणसाला आपल्या आधी कोण काय करून गेलं हे ऐकूनच सुरुवात करता येते.

मराठी वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटू नये, कारण आपण ती पेटीच्या बाबतीत पाहिलेली आहे. हार्मोनियम हे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचं यंत्र. त्याचे सूर कारखान्यात पक्के झालेले, मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत. याच कारणांसाठी १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली आणि १९७१ मध्ये ती सैल केली. आक्षेप खोटे नव्हते. पण त्या तीन दशकांच्या आधीही आणि त्या काळातही संगीत नाटकाच्या पिटात आणि मैफलीत पेटी वाजतच होती. गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंतच्या वादकांनी न निघणाऱ्या मींडेचा भास कसा निर्माण करायचा, भाता कुठे दाबायचा आणि कुठे सोडायचा, कुठला सूर टाळून पुढे जायचं, याचं एक शास्त्र बोटांत साठवलं. पेटीची रचना दरवर्षी बदलत राहिली असती, तर हे साठलं नसतं. त्या यंत्रात जे नव्हतं ते हातांनी भरून काढलं, आणि त्याला पिढ्या लागल्या.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला, गतकाळाच्या ओढीचा. ती ओढ आहे. जून २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहराच्या सभागृहात हल फिलहार्मोनिक वाद्यवृंदानं कमोडोरच्या खेळांचं संगीत सादर केलं, आणि ते करायला बळ मिळालं ते त्या खेळांवर वाढलेल्या पिढीच्या प्रेमामुळे. रॉब हबर्ड मूळचा त्याच शहराचा. मात्र ओढीनं सगळं उलगडत नाही. ओढ असलेला माणूस जुनं पुन्हा ऐकतो. जे वाजवून झालं आहे तेच पुन्हा मागतो. इथं लोक नवं लिहितात, आणि नवं जुन्यासारखं ऐकूही येत नाही. त्या पन्नास हजार रचनांत खेळांसाठी लिहिलेल्या रचनांचा वाटा लहान आहे; बाकी सगळं हौसेनं, मेळाव्यांसाठी आणि एकमेकांसाठी लिहिलेलं. ओकेसॉन यांनी २०२२ मध्ये दोन कमोडोर समोरासमोर ठेवून मधे फ्लॉपी डिस्कचा भाता बसवला आणि अकॉर्डियनसारखं वाजणारं वाद्य केलं. बालपणीच्या यंत्राचं स्मारक उभारणारा माणूस त्याला भाता जोडत नाही. फिनलंडनं २०२० मध्ये आणि जर्मनीनं २०२१ मध्ये या साऱ्या हौशी परंपरेला आपापल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. त्या यादीत येण्यासाठी गोष्ट जुनी असून भागत नाही, ती चालू असावी लागते.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो, कारण त्याचा पुरावा मुंबईतला आहे. यंत्र थांबल्याशिवाय त्याचं वाद्य होत नाही म्हणता, मग चरणजित सिंगांचं काय? हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या कलावंतानं कमोडोर ६४ ज्या वर्षी आला त्याच वर्षी, १९८२ मध्ये, मुंबईत रोलंड कंपनीची तीन कोरी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्यातलं टीबी-३०३ हे खर्ज वाजवणारं यंत्र नवंकोरं होतं, कोणाचा त्यावर हात बसलेला नव्हता, आणि तरी त्या तबकडीवरचे राग ऐकताना सुरावरून सुरावर घसरायची त्या यंत्राची लकब रागाला किती मानवते हे लख्ख कळतं. मान्य आहे. विलक्षण माणसाला नव्या यंत्रातही वाद्य दिसतं. पण पुढे काय झालं ते बघा. ती तबकडी विस्मरणात गेली, तिच्यापासून कोणी काही शिकलं नाही, आणि २०१० मध्ये युरोपात तिचं पुनःप्रकाशन झालं तेव्हा जगानं तोंडात बोट घातलं. त्याच टीबी-३०३चं उत्पादन १९८४ मध्ये बंद पडलं, जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं, ते शिकागोच्या तरुणांच्या हाती आलं, आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाल्यावर त्यावर एक अख्खी शैली उभी राहिली, जी आजही चालू आहे. एकट्याची प्रतिभा आणि परंपरा यांत फरक आहे. पहिलीला यंत्र थांबायची गरज नसते, दुसरीला असते.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा: आज मूळ चिपची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम मोफत मिळतात, मग चाळीस वर्षांपूर्वीचं प्लास्टिक कुरवाळायचं कशाला? यातलं बरंचसं मान्य करावं लागतं. आजचे कितीतरी रचनाकार साध्या लॅपटॉपवर लिहितात आणि मूळ यंत्रावर फक्त तपासून बघतात. एक अडचण खरी आहे. ६५८१ चा फिल्टर चिपेगणिक वेगळा निघाला. कारखान्यातल्या फरकांमुळे एकाच्या घरी जो आवाज दबका येई तो दुसऱ्याच्या घरी उघडा येई. त्यामुळे रचनेच्या फाइलमध्येच ती ६५८१ साठी आहे की ८५८० साठी, हे नोंदवायची सोय आहे. शिवाय मूळ चिपा संपत चालल्या आहेत. काही जुन्या वीजपुरवठ्याच्या डब्यांनी जास्तीचा दाब देऊन जाळल्या, काही लोकांनी सिंथेसायझरसाठी काढून घेतल्या. स्वीडनच्या एलेक्ट्रॉननं १९९९ मध्ये 'सिडस्टेशन' नावाचं वाद्य विकायला काढलं, त्याच्या पोटात हीच चिप होती. म्हणून पर्यायी चिपा तयार होत आहेत. माझ्या मते यानं काही बिघडत नाही. जी गोष्ट टिकून राहिली ती म्हणजे ते २९ पत्ते, त्यांचे गुण आणि त्यांच्या खोटीसुद्धा. नक्कल करणाऱ्यांनी मोजणीदाराची ती खोट कसोशीनं जशीच्या तशी उतरवली आहे, आणि ती उतरवली नसती तर जुन्या रचना बेताल वाजल्या असत्या.

उरतो श्रोत्याचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत रास्त आहे. एका आवाजात ढोल आणि खर्ज कसा बसवला याचं कौतुक जाणकाराला. ज्याला यातलं काही ठाऊक नाही त्यानं हे का ऐकावं? या संगीतात करामतीसाठी केलेली करामत पुष्कळ आहे आणि ती दुसऱ्यांदा ऐकवत नाही, हे कबूल केलंच पाहिजे. पण हबर्डची 'सँक्शन'ची धून किंवा गॉलवेचं 'विझबॉल' घ्या. तिथं युक्त्या आहेत, पण कान त्यांच्याकडे जात नाही, धुनेकडे जातो. आणि हलच्या वाद्यवृंदानं या धुना वाजवल्या तेव्हा चिपच्या सगळ्या युक्त्या गळून पडल्या होत्या, फक्त रचना उरली होती. तरी ती उभी राहिली. उलट बाजूनंही बोललं पाहिजे. वाद्य माहीत असणं हा ऐकण्याचाच भाग असतो. संतुरावर मींडेचा भास ऐकताना आपल्याला ती तारांवरच्या आघातांतून काढलेली आहे हे ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असण्यानं आनंद वाढतो. तीनच आवाज आहेत हे एकदा कळलं की इथंही कान वेगळ्या तऱ्हेनं ऐकू लागतो.

आपल्याकडे ही परंपरा का रुजली नाही, याचं कारण गुणवत्तेत शोधायची गरज नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक नेले. त्या यंत्रात तीन सूर आणि एक खरखर काढणारी चिप होती, आणि बेसिक भाषेत आवाज व त्याचा उठाव लिहायला सरळ आज्ञा होत्या. म्हणजे साधन पोचलं होतं. पण ते शाळेच्या मालकीचं होतं, तासापुरतं मिळायचं, आणि घरी नेता येत नव्हतं. जर्मनी-स्वीडनमधली पोरं ज्या रात्री-अपरात्री आकडे बदलून बदलून बघत होती, त्या रात्री इथं यंत्राजवळ कोणी नव्हतं. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमची परवान्यानं बनवलेली आवृत्ती १९८६ च्या सुमाराला भारतात आली, पण घरात स्वतःचा संगणक घेणं फार थोड्यांच्या आवाक्यातलं होतं, आणि त्या यंत्रात सुराला फक्त एक चालू-बंद होणारा भोंगा होता. हौस ही फावल्या वेळात, स्वतःच्या वस्तूवर, कोणी हिशेब विचारत नसताना वाढते. तेवढं इथं जुळून आलं नाही.

आज मात्र जुळून यायला हरकत नाही, आणि हे मी ठामपणे म्हणतो, कारण ही चिप आपल्या संगीताला मुळातच अनुकूल आहे. ती झिणझिण आठवा. तीन सूर गरागरा फिरवायची ती युक्ती पाश्चात्त्य स्वरमेळाची गरज भागवायला निघाली. आपल्याला स्वरमेळ लागतच नाही. एका आवाजात तंबोरा, दुसऱ्यात गायकी, तिसऱ्यात ठेका: तीन आवाज बरोबर पुरतात, काही चोरावं लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सूर. पेटीत जो पक्का होऊन बसतो, तो इथं १६ बिटांचा आकडा आहे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. युरोपीय यंत्रावर एका हर्ट्झमध्ये सुमारे सतरा पायऱ्या येतात. गणित सोपं व्हावं म्हणून षड्ज २४० हर्ट्झवर धरला, तर त्याचा आकडा ४०८७. षड्जाच्या सव्वापट, ३०० हर्ट्झवरचा शुद्ध गंधार ५१०९. पेटीच्या समान सप्तकातला गंधार ५१४९. दोन गंधारांमध्ये चाळीस पायऱ्यांचं अंतर आहे, म्हणजे हवा तो गंधार निवडायला भरपूर जागा. बीबीसीच्या चिपला सुरासाठी दहाच बिट होते आणि वरच्या सप्तकात तिच्या पायऱ्या इतक्या रुंद होत जातात की अशी निवड करता येत नाही. एसआयडीच्या ट्रॅकरांमध्ये समान सप्तकाचे आकडे भरलेले असतात, पण ते म्हणजे आठ सप्तकांचं, ९६ आकड्यांचं एक कोष्टक, आणि ते बदलता येतं.

मींड म्हणजे दर पावलाला त्या आकड्यात थोडीशी भर घालत जाणं. सेकंदाला पन्नास पावलांवर संथ मींड सहज सरकते. जलद घसरणीत पायऱ्या जाणवू लागतात, तेव्हा प्रोग्राम पन्नासऐवजी शंभर किंवा दोनशे वेळा हाकारायचा, जे युरोपातले रचनाकार आजही करतात. अवघड काम दुसरीकडे आहे. दरबारीचा गंधार झुलतो, तो किती पायऱ्या खाली जातो, तिथं किती पावलं थांबतो, परत येताना त्याच वाटेनं येतो का, दुसऱ्या झोक्याला पहिल्याइतकाच खाली जातो का, हे कुठल्याच ट्रॅकरच्या तयार कोष्टकात मिळणार नाही. ते गाणाऱ्याच्या गळ्यावरून कानानं उतरवून आकड्यांत लिहावं लागेल, ऐकून खोडावं लागेल, पुन्हा लिहावं लागेल. ट्रॅकर फुकट आहे, चिपची नक्कल फुकट आहे, आणि दोन्ही कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतात.